गुरुवारची पिवळी टपालगाडी

मी पिवळी टपालगाडी बोलतेय. डाव्या दारावर पत्र्याची ठिगळं असलेली, तीच मी. ठिगळांचा पिवळा माझ्या मूळ पिवळ्याशी जुळत नाही आणि त्याबद्दल आमच्या रंगाऱ्याला मी अजून माफ केलेलं नाही.

कारखान्यातून बाहेर पडले तेव्हा मी पांढरी होते. आपण पाव नाहीतर दूध वाहणार अशी माझी समजूत होती. पण युक्रेनच्या टपाल खात्याने मला घेतलं, रंगवलं, पोटात एक टेबल, तराजू आणि मांडण्या बसवल्या. लढाई सुरू झाली आणि कितीतरी गावांतली टपाल कार्यालयं पडली, काहींना कुलूप लागलं. तेव्हापासून त्या गावांचं टपाल कार्यालय म्हणजे मीच. पेन्शन, पार्सलं, औषधं, आणि विकायला सूर्यफुलाचं तेल, साखर, काडेपेट्या.

माझं सारथ्य पानास करतो. खड्डा आला की तो सरकारला शिव्या देतो आणि माझी माफी मागतो. टेबलामागे राईसाबाई बसतात. निघण्याआधी त्या माझ्या आरशात पाहून लिपस्टिक लावतात, मग अंगावर चिलखत चढवतात, मग डोक्यावर शिरस्त्राण.

"कुणाला दाखवायचंय एवढं?" पानास रोज विचारतो.

"तुला नाही, एवढं नक्की," त्या रोज सांगतात.

गुरुवारी आम्ही वेर्बिव्काला जातो. रस्त्यावर ड्रोन अडकावेत म्हणून मासेमारीची जाळी ताणलेली आहेत. त्यांच्याखालून जाताना मला आपण मासळी असल्यासारखं वाटतं. गावात बंद दुकानापाशी लोक आमची वाट पाहत असतात. तिथली रांग डोळ्यांना दिसत नाही. कुणी बाकावर बसलेलं असतं, कुणी झाडाखाली. येणारा विचारतो, "शेवटचं कोण?" कुणीतरी हात वर करतं. झालं, तुमचा नंबर त्याच्यामागे. मग भोंगा वाजला आणि सगळे तळघरात पळाले, तरी बाहेर येताना रांग जशीच्या तशी असते. वेर्बिव्कात घरांची छपरं उडाली, पण रांग कधी मोडली नाही.

या रांगेच्या राखणदार होरपिना मावशी. उंच, हडकुळ्या, आवाज खणखणीत. लढाईच्या पहिल्या वर्षी गावात शिरलेल्या शत्रूच्या फौजेने त्यांची सगळी बदकं कापून खाल्ली होती. घर वाचलं, पण अंगण मुकं झालं. मुलगी ओल्याना पोलंडहून रोज फोन करायची, "आई, आता काय राहिलंय तिथे? इकडे ये." शेवटी मावशींनी तिला शब्द दिला, "बदकाची पिल्लं मागवलीत. ती जगली तर मी इथेच. नाही जगली तर तुझ्याकडे येते."

हे साऱ्या गावाला ठाऊक होतं. शेजारच्या ओमेल्को काकांनाही. मावशींची बदकं त्यांच्या वाफ्यात शिरायची म्हणून दोघांचं कधी पटलं नाही. त्यातच एका गुरुवारी, गुडघा दुखतोय असं सांगून काका मध्येच पुढे सरकले. मावशींनी त्यांना सगळ्यांसमोर मागे धाडलं.

"गुडघा माझाही दुखतो, ओमेल्को! नंबर गुडघ्याला नसतो, माणसाला असतो!"

त्यानंतरच्या गुरुवारी पिल्लं आली. भोकं पाडलेला पुठ्ठ्याचा खोका, आणि आत नुसता चिवचिवाट. एप्रिल असूनही वारा बोचरा होता. पानासने माझा हीटर पूर्ण सोडला आणि मी स्वतःला कोंबडी समजू लागले.

वाटेत लष्कराच्या चौकीवर आम्हाला झाडांखाली थांबवलं. "वर ड्रोन आहे. इंजिन बंद करा, गरम इंजिन वरून दिसतं."

इंजिन बंद झालं. हीटरही गेला. थोड्याच वेळात चिवचिवाट बारीक झाला, आणि मला तो आवाज पुन्हा मोठा व्हावा असं इतकं वाटलं की काय सांगू. राईसाबाईंनी चिलखत सैल केलं आणि एकेक पिल्लू उचलून स्वेटर आणि चिलखत यांच्यामध्ये ठेवलं. उरलेली पानासच्या जाकिटात गेली.

"हलू नकोस," राईसाबाई म्हणाल्या.

"मी हलत नाहीये. तीच हलतायत. अगं आई गं, गुदगुल्या!"

सोडलं तेव्हा दुपार कलली होती. वेर्बिव्कात रांग ताटकळलेली होती. ओमेल्को काकांचा पहिला नंबर. होरपिना मावशी घरी चूल पेटवून अंगण ओलांडत धापा टाकत आल्या आणि सवयीने विचारलं, "शेवटचं कोण?" एका बाईने हात वर केला. मावशी तिच्यामागे उभ्या राहिल्या.

"मावशी, पुढे या!" राईसाबाईंनी माझ्या दारातून हाक मारली. त्यांची छाती चिवचिवत होती. "तुमची पिल्लं गारठलीत. यांना चुलीजवळ न्या लवकर."

मावशी दोन पावलं पुढे आल्या. मग थांबल्या. त्यांनी ओमेल्को काकांकडे पाहिलं.

"नाही," त्या म्हणाल्या. "माझा नंबर शेवटचा आहे."

"अहो, ती मरतील!"

"मागच्या गुरुवारी मी याला घुसू दिलं नाही. आज मी घुसले तर कुठल्या तोंडाने राहू या गावात?" बोलताना त्यांचा खणखणीत आवाज चिरकला. पण पाऊल पुढे पडेना.

मी चार चाकांवर उभी होते आणि काहीही करू शकत नव्हते.

ओमेल्को काका गुरगुरले. माझ्या पायरीवरून उतरले. लंगडत लंगडत सगळी रांग पार करून मावशींच्या मागे जाऊन उभे राहिले.

"शेवटचं कोण?" त्यांनी विचारलं.

"डोळे फुटले का? मीच," मावशी म्हणाल्या.

"मग मी तुझ्यामागे. पाय मोकळे करायचेत मला."

मग दुसऱ्या नंबरची बाई बाकावरून उठली आणि काकांमागे गेली. "शेवटचं कोण?" मग तिसरी. मग सायकलवाले गृहस्थ, सायकलसकट. बघता बघता सगळी रांग वळसा घालून मावशींच्या पाठीमागे गेली, आणि कुणाच्याही पुढे न घुसता होरपिना मावशी पहिल्या झाल्या.

"आता येणार की आमंत्रण छापू?" काका मागून ओरडले.

मावशी आल्या. सही करताना कागद ओला झाला. राईसाबाईंनी पिल्लं एकेक करून त्यांच्या कोटात सोडली. पानासने आपली दिली. एक बाहीत शिरलं होतं, ते काढायला वेळ लागला. दोन पिल्लं निपचित होती. त्यांतलं एक चुलीच्या उबेने उठलं. दुसरं नाही.

संध्याकाळी निघताना त्यांच्या फाटकापाशी पानासने मला थांबवलं. उघड्या खिडकीतून मावशींचा आवाज आला. "ओल्याना? ऐक." आणि त्यांनी फोन पिल्लांपुढे धरला असावा, कारण बराच वेळ नुसता चिवचिवाट चालला होता. मग मावशी म्हणाल्या, "रडतेस कशाला, वेडे? तूच ये सुट्टीत. बघायला."

आता माझं इंजिन खोकतं. नवीन गाड्या येणार आहेत असं ऐकते. येऊ देत, रस्ते अजून पुष्कळ उरलेत. माझं एकच मागणं आहे. मला भंगारात देऊ नका. होरपिना मावशींच्या अंगणात नेऊन उभी करा. बदकं वाढलीत, त्यांना खुराडं पुरत नाही. माझ्या पोटात जागा आहे, मागची दारं घट्ट लागतात, कोल्ह्याची आत यायची टाप नाही. आणि रात्री कुणी अंग चोरून जवळ सरकलं, तर मला हीटर लागणार नाही.