बिघाड माझा नव्हता

मी एक जुनी स्कूटर आहे. रंग कधीकाळी मोरपंखी होता, आता कुठे निळा आणि कुठे गंज असा सगळा कारभार आहे. मित्रांनो, जुन्या गाड्या आपल्या तरुणपणाचं कौतुक सांगताना थकत नाहीत. मीही सांगितलं असतं. पण हल्ली स्वतःविषयी बोलायचं म्हटलं की मला लाजच वाटते. का, ते सांगते.

श्रीरामपूरकडच्या एका शुगर फॅक्टरीच्या प्रयोगशाळेत यामिनी नावाची मुलगी साखर तपासायची. तिनं मला स्वतःच्या पगारातून घेतलं. कागदोपत्री मालकीण तीच. लग्न होऊन ती नगरला सावेडीत आली, तेव्हा मीही आले. तिच्या माहेरचे मला चेष्टेनं पाठराखीण म्हणायचे.

लग्नानंतर तिची नोकरी सुटली, माझं काम मात्र वाढलं. भाजी, दळण, सासूबाईंच्या गुडघ्यांचे डॉक्टर, सगळीकडे मीच. दसऱ्याला तिचा नवरा केदार मला झेंडूची माळ घालून म्हणायचा, "आमच्या घरात सगळ्यात गुणी हीच." मी फुशारून जायचे.

केदार कॉलेजात शिकवतो. बोलणं मऊ. बायकोवर कधी हात उगारला नाही, आवाज चढवला नाही. आठ मार्चला त्याला भाषणाला बोलावतात आणि तो स्त्रीपुरुष समानतेवर छान बोलतो. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, ही म्हण मला तेव्हा ठाऊक नव्हती.

गेल्या पावसाळ्यात यामिनीला एमआयडीसीतल्या एका कंपनीच्या प्रयोगशाळेत नोकरी मिळाली. सकाळी आठला हजर राहायचं, पहिला महिना कामाची परीक्षा, मग कायम. केदारनं स्वतः पेढे आणले. "कर की नोकरी, मी कधी अडवलंय?" म्हणाला. यामिनी त्या दिवशी मला साबणानं धूत गुणगुणत होती.

दुसऱ्याच आठवड्यात एका पहाटे केदार पोर्चमध्ये आला. माझ्या सीटखालचं छोटं झाकण उघडून त्यानं प्लगची कॅप ओढून काढली, झाकण लावलं आणि हात पुसून आत गेला. प्लगला ठिणगी नाही मिळाली तर मी काय करणार? यामिनीनं बटण दाबलं, किका मारल्या, घामाघूम झाली. मी आपली ढिम्म.

"जुनी गाडी, चालायचंच," केदार म्हणाला. "थांब, मी माझ्या बाइकवर सोडतो."

मग त्याची अंघोळ, मग चहा, मग पेपर. ती पोचली तेव्हा पाऊण तास उलटून गेला होता. संध्याकाळी त्यानं कॅप परत बसवली, मला सुरू करून दाखवलं आणि दुरुस्तीचं श्रेयही घेतलं.

असं वारंवार होऊ लागलं. फाटकाशी भाजी विकायला येणाऱ्या रतनबाई यामिनीला म्हणाल्या, "लई नशीबवान हाय तुमी ताई. आमच्यात बाईला कामावर सोडायला कोन जातंय?" यामिनी कसनुशी हसली. मला रतनबाईंना ओरडून सांगावंसं वाटलं, पण आमच्या जातीला फक्त हॉर्न दिलाय, आणि तोही माणसानं दाबावा लागतो.

सासूबाईंनी, म्हणजे अंबिकाबाईंनी, केदारला कॅप काढताना खिडकीतून पाहिलं होतं. पहिल्यांदा त्यांनी लेकाला हटकलंही.

"आई, तू आत जा," केदार हळूच म्हणाला. "ती आठला गेली की तुझा चहा, तुझी गरम पोळी कोण बघणार?"

अंबिकाबाई आत गेल्या आणि मूग गिळून बसल्या. गरम पोळी त्यांना मिळत राहिली.

मग कंपनीतल्या साहेबांनी शेवटचं बजावलं, सोमवारपासून एकदा जरी उशीर झाला तरी येऊ नका. रविवारी सासूबाईंच्या गुडघ्यांना पोर्चमध्ये तेल लावता लावता यामिनी म्हणाली, "आई, मीच नोकरीच्या लायकीची नसेन. इतक्या वर्षांनी आता जमत नाही मला." अंबिकाबाईंनी पाय आखडून घेतला.

सोमवारी पहाटे पुन्हा तेच झालं. यामिनी किका मारत होती, केदार टॉवेल खांद्यावर टाकून म्हणत होता, "थांब, आलोच." इतक्यात अंबिकाबाई भिंतीला धरत बाहेर आल्या.

"यामिनी, गाडी बिघडलेली नाही. सीटखालच्या झाकणात एक टोपी आहे, ती यानं काढलीय. नेहमी तोच काढतो."

"तुम्हाला माहीत होतं?"

"माहीत होतं," अंबिकाबाई म्हणाल्या आणि पायरीवर बसल्या. त्यांचा चेहरा मला बघवेना.

केदार म्हणाला, "अगं, काळजीपोटी केलं. त्या रस्त्याला किती ट्रक असतात."

यामिनीनं त्याच्याकडे पाठ फिरवली. गुडघे टेकून तिनं झाकण उघडलं, कॅप दाबून बसवली, काळे झालेले हात नव्या ओढणीला पुसले. मी पहिल्याच किकला सुरू झाले. रस्ताभर ती हेल्मेटच्या आत रडत होती, पण आठच्या आत पोचली. आता ती तिथं कायम आहे.

मित्रांनो, गाडीची काळजी घ्या, ऑइल बदला, असं मी सांगणार नाही. ते तुम्हाला मेकॅनिक सांगेल. पण तुमच्या घरात आईचं किंवा ताईचं काम नेमकं तिच्या महत्त्वाच्या दिवशीच अडत असेल, तर तिला धांदरट म्हणण्याआधी जरा वाकून बघा, ते कुणी अडवलंय. आणि दिसलं तर त्याच दिवशी बोला. अंबिकाबाईंना उशीर झाला. मला तर बोलताच आलं नाही, आणि माझ्याच अंगाचं कुलूप करून तिला घरात ठेवलं गेलं, याची लाज माझ्या गंजासारखी घासून जात नाही.

यामिनी आता मला रात्री शेजाऱ्यांच्या अंगणात लावते. परवा शेजारच्या काकूंनी कारण विचारलं, तर खाली बघत म्हणाली, "आमच्याकडे जागा नाही हो." पोर्चमधली माझी जागा रिकामी पडलेली तर सगळ्या कॉलनीला दिसते.