मुद्देमाल झालेली तलवार

मी जहागीरदारांच्या घरची तलवार. सध्या तालुक्याच्या पोलीस ठाण्यात, पकडलेल्या दारूच्या कॅनशेजारी पडून आहे. माझ्या मुठीला चिठ्ठी बांधलीय आणि तिच्यावर लिहिलंय, 'मुद्देमाल'.

मी कुणाचा जीव घेतलेला नाही, उगाच बढाई कशाला मारू? दसऱ्याला शिवेवरच्या आपट्याची पहिली फांदी तोडायची, एवढंच माझं काम. त्याशिवाय गावात कुणी सोनं लुटत नसे. आमचे बलभीमराव दहा वर्षांचे असताना निजामाचं राज्य गेलं, मागोमाग जहागीरही गेली. पुढं ते साखर कारखान्याचे संचालक झाले, सफारी घालून जीपमधून फिरू लागले. दसऱ्याला मात्र फेटा बांधून, मला घेऊन पायीच निघायचे. एकही दसरा चुकला नाही.

यंदा त्यांच्या नातवानं, रणधीरनं, वाढदिवसाला मला भिंतीवरून उतरवलं आणि ढोकीच्या रस्त्यावर गाडीच्या बॉनेटवर केक कापला. माझ्या पात्याला गुलाबी क्रीम! मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. व्हिडिओ गावभर फिरला आणि पोलीस आले. रणधीर बाजार समितीच्या निवडणुकीला उभा. त्यानं सरळ जबाब दिला, "तलवार आबांची हाय. केक बी त्यांनीच कापाय लावला."

दसऱ्याच्या आदल्या दिवशी बलभीमराव काठी टेकत ठाण्यात आले. हवालदार बुद्धघोष यांनी उठून खुर्ची दिली. त्यांच्या आजोबांना आमच्या अंगणात बसायची मुभा नव्हती, हे मी पाहिलंय.

"आबा, नातवानं तुमच्यावर ढकललंय. खरं काय ते सांगा, तुम्ही सुटताल."

बलभीमरावांनी वाकून माझ्या मुठीवरची चिठ्ठी वाचली. "तलवार माझीच हाय. त्यो म्हणतो तसंच लिवा."

मग हळूच म्हणाले, "साहेब, उद्या दसरा हाय. घडीभर द्या. फांदी तोडली की तलवार माघारी आणून देतो."

कुणाला 'साहेब' म्हणताना मी त्यांना पहिल्यांदाच ऐकलं.

"सील हाय, आबा. कोर्टाच्या हुकुमाबिगर न्हाय देता येत."

दुसऱ्या दिवशी गावानं ऊसतोडीच्या कोयत्यानं फांदी तोडली. काही अडलं नाही. कोयता रणधीरच्या हातात होता आणि डोक्यावर आबांचा फेटा. बुद्धघोषांनीच मोबाइलवर पाहून सांगितलं.

आता खटला चालेल. मला परत नाही दिलं तरी चालेल, पण आरोपी म्हणून लिहिलेलं त्या म्हाताऱ्याचं नाव तेवढं कुणीतरी खोडा हो. आबांना न विचारता मला भिंतीवरून कुणी उतरवलं, ते माझ्याइतकं कुणाला ठाऊक? पण माझा जबाब कुणी घेत नाही.