थर्माकोलचं झाकण आणि माझा तोकडा पल्ला

मी एक जुना कॅमेरा आहे. माझ्या पट्ट्याला कालपासून मासळीचा वास येतो आहे आणि मित्रांनो, मला त्याचा केवढा अभिमान वाटतो म्हणून सांगू!

माझा जन्म अशा कारखान्यात झाला, जिथे धुळीच्या कणालाही मज्जाव होता. तिथे माझ्या भिंगामागे सेन्सर बसवला. त्यावर उजेड झेलणाऱ्या लाखो इवल्याशा कळशा आहेत असं समजा. उजेड फार झाला की कळशी भरून वाहते आणि ती जागा नुसती पांढरी दिसते. तळाशी थेंबभरच उजेड असला तर तो माझ्याच आतल्या खरखरीत हरवतो. या दोन टोकांमधला पल्ला म्हणजे डायनॅमिक रेंज. माझा पल्ला तोकडा आहे.

चारकोपच्या रुचिराने मला कॉलेजात असताना सेकंडहँड घेतलं. भिंतीवरची पाल, गच्चीवरचे पापड, काहीही टिपलं तरी ती "झकास!" म्हणायची. मग तिच्या धाकट्या भावाने, सुशांतने, लांब पल्ल्याचा नवा कॅमेरा आणला आणि मी कपाटात गेलो. पावसाळे सरले. माझ्या भिंगाला बुरशी धरली.

"ताई, हा डबा भंगारात टाक ना यार!" सुशांत म्हणाला.

"आधी दोघांची परीक्षा घेऊ." रुचिरा पदार्थविज्ञान शिकलेली, पडताळल्याशिवाय तिला काही पटत नाही. तिने माझं भिंग साफ करून आणलं.

परीक्षा झाली काल, गोराईच्या किनाऱ्यावर. तिथल्या ओळखीच्या कोळीण सोनूबाईंची होडी विकली गेली होती. त्यांचे पती महादू तीच होडी चालवायचे. ते आता नाहीत. संध्याकाळच्या भरतीला नवा मालक होडी नेणार होता. त्याआधी सोनूबाईंना तिच्यासोबत एक फोटो हवा होता. होडीच्या टोकाची पूजा होईपर्यंत सूर्य समुद्रावर कलला होता.

"मावशी, तुम्ही उन्हाकडे तोंड करा ना," रुचिरा म्हणाली.

"आनि मागं दर्या नको? मग होरी बाजारात उभी केल्यासारखी दिसंल! पन माजा तोंड काला नको गो बाय. महादूसंगच्या फोटोत पन कालाच हाय."

आधी सुशांतने फोटो काढला आणि फोनवर घेऊन चेहरा उजळवला. आकाश टिकलं, चेहराही दिसला, पण राखाडी.

"आजारी वाटतंय मी," सोनूबाई म्हणाल्या.

मग माझी पाळी. समुद्र नीट घेतला तर चेहरा कोळसा. चेहरा नीट घेतला तर समुद्र गायब.

"वाट लागली," सुशांत पुटपुटला. पाणी होडीला लागलं होतं. नवा मालक हाका मारत होता.

तेवढ्यात सोनूबाईंची सून निशा बर्फाच्या पेटीचं थर्माकोलचं झाकण घेऊन समोरून गेली. झाकण तिरकं झालं आणि तिच्या हनुवटीखाली उजेड पसरला. मला दिसलं! मला ओरडता येत नाही, पण रुचिराचा डोळा माझ्याच डोळ्याला लागलेला होता.

"निशा, थांब! इकडे ये. ते झाकण मावशींच्या तोंडाकडे धर. अजून खाली. तिरकं गं!"

"ताई, मच्छीचा वास मारतोय," पेटीजवळच्या दुसऱ्या झाकणाकडे बघत सुशांत म्हणाला.

"फोटोत वास येत नाही रे! धर तेही झाकण!"

सोनूबाईंचा चेहरा उजळला. तो आणि समुद्र, दोन्ही माझ्या तोकड्या पल्ल्यात बसले. खटॅक!

मग आपलं झाकण रुचिराकडे देऊन सुशांतनेही त्याच उजेडात एक काढला. त्याच्या फोटोत लाटांच्या फेसात जास्त छटा होत्या.

"मान्य," रुचिरा म्हणाली. "उजेड हलवता येत नाही तिथे लांब पल्लाच हवा. इथे हलवता आला."

सोनूबाईंचं मात्र माझ्या स्क्रीनवरून लक्ष हटेना. त्यांनी हनुवटीला बोट लावलं. "गोंदन पन दिसतंय गो! महादू यालाच हसायचा." मग त्यांनी होडीच्या टोकावर थाप मारली आणि नव्या मालकाला म्हणाल्या, "ने आता."

मित्रांनो, फोटो काढण्याआधी आजूबाजूला काय पांढरं आहे ते बघत जा. आणि माझ्यासारख्या जुन्यांना दमट कपाटात कोंडू नका. कोरडं ठेवा, अधूनमधून बाहेर न्या. कुणाची होडी कधी निघेल, सांगता येत नाही.