चौथ्या कोपऱ्यातलं चित्र

मी एक जुना कॅरमबोर्ड आहे, आणि आता जे सांगणार आहे त्यावर तुमच्यापैकी एकाचाही विश्वास बसणार नाही. नका ठेवू! विक्रोळीच्या आमच्या चाळीत माझ्यावर कुणीच विश्वास ठेवत नाही, तरी माझं काही अडलेलं नाही.

माझा जन्म घाटकोपरचा, अंबादास मिस्त्रींच्या हातचा. माझं लाकूड एका बुडालेल्या जहाजाच्या डोलकाठीचं आहे. प्लायवूड आहे असं म्हणतात ते मत्सरी लोक. चाळीच्या मंडळानं मला आणलं तेव्हा मी इतका गुळगुळीत होतो, की एकदा निसटलेली राणी थेट कांजूरमार्गला सापडली.

मग त्र्याऐंशी साली तिसऱ्या मजल्यावरच्या सहदेव परबांची अनुपमा आजारी पडली. सांध्यांचा ताप. आज गुडघा सुजायचा, उद्या मनगट. डॉक्टर म्हणाले, "हृदयाला जपायचंय. अंथरुणातून उठायचं नाही, शाळा बंद." हा आजार शिवल्यानं होत नाही, हेही त्यांनी सांगितलं, पण ते ऐकायला चाळ कुठे हजर होती? खालच्या रुक्मिणीकाकूंनी आपल्या रतनला बजावलं, "त्या खोलीत पाऊल टाकलंस तर तंगडं मोडीन!" एका आईनं असं म्हटल्यावर बाकीच्या आया मागे राहतात होय? पोरांचं येणंच थांबलं.

मंडळाचा खेळ फक्त रविवारी. बाकीचे दिवस मी मोकळा, म्हणून सहदेवनं मला लेकीच्या खाटेवर नेऊन ठेवलं. एकट्यानं कॅरम किती खेळणार? अनू माझ्यावर पावडर पसरायची आणि बोटानं चित्रं काढायची. चार कोपऱ्यांत चार. पहिल्यात तिचा गुडघा, नारळाएवढा. दुसऱ्यात डॉक्टरांसारखी मिशी असलेलं इंजेक्शन. तिसऱ्यात धापा टाकत जिना चढणारं हृदय, हातात पिशवी घेतलेलं. चौथ्यात ती, मी, आणि माझ्या पलीकडे कुणीच नाही.

रविवारी फायनल होती. मला न्यायला मंडळाचे मालवणी काशीरामकाका तिघांना घेऊन आले आणि फडकं काढलं. अनूनं दोन्ही हात आडवे घातले.

"काका, पुसू नका ना! पोरं वर येत नाहीत. त्यांना खाली दाखवा."

काकांनी वाकून चारही कोपरे पाहिले. "गो चेडवा, ह्या सगळा तुझाच?" एवढंच म्हणाले आणि फडकं खांद्यावर टाकलं. "धरा रे! आडवो धरा! पंखो बंद करा!"

मित्रांनो, वरातीत नवरदेवाला मिळत नाही असा मान मला मिळाला. चौघांनी मला तीन मजले पाण्यानं भरलेल्या परातीसारखं उतरवलं. "कोणी शिंकलात तर फायनल रद्द!" काका दर वळणावर ओरडत होते. वारासुद्धा नाक दाबून उभा होता.

अंगणात पोरांनी गराडा घातला. मिशीवाल्या इंजेक्शनला सगळी हसली. रतन मात्र चौथ्या कोपऱ्यापाशी थांबला.

"हिच्या समोर कुणी काढलंच नाही?"

"कोण बसतला?" काका म्हणाले. "तू बसतंस?"

रतननं आईकडे पाहिलं. काकू कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या. पोरगं घाबरलं, आणि तेव्हा मी ठरवलं, की आता आपणच काहीतरी केलं पाहिजे. मी त्याला पाठीवर घेतलं आणि उडालो! भर्रकन तिसरा मजला! एक कण पावडर सांडू न देता त्याला खिडकीतून अनूसमोर नेऊन बसवलं. म्हणून सांगतो मित्रांनो, कॅरमबोर्डाला ओल लागू देऊ नका, त्याच्यावर चहाचे कप ठेवू नका, कारण माणसाला माणसाशेजारी आणून बसवायची ताकद फक्त…

"खोटं!"

ओरडली कोण, तर अनुपमाच. आता नववीत आहे, माझ्यासमोर मांडी घालून बसली होती.

"तू कुठला उडतोस रे, भोकाड्या! तू खाली अंगणातच होतास. रतन जिन्यानं आला, स्वतःच्या पायांनी. काकू खालून ओरडत होत्या तरी आला. आणि आल्या आल्या म्हणाला, 'सरक गं, बसू दे.'"