मागच्या अंगणातली चूल

“एकट्या जिवाले तीन भाकरी लागतात, माय! आन् तेल तं असं ओतते, जसा हिच्या माहेरचा घाणा हाय.”

प्रमिलाबाईंची ही रोजची कुरकुर. त्यांची अन् माझी भिंत एकच, त्यामुळे माझ्या भाकरी थापता थापता ती मला फुकट ऐकायला मिळे. कुरकुर असे त्यांच्या थोरल्या जावेबद्दल, मनकर्णाबद्दल. नवरा वारल्यापासून मनकर्णा त्या घरात होती. म्हणजे साऱ्यांचं रांधायची आणि शेवटी उरेल ते खायची. धाकटा दीर, म्हणजे प्रमिलाबाईंचे यजमान प्रभाकरराव, तिला ‘पोसत’ होते. शब्द त्यांचाच. हिंगणीत कोणी विचारो न विचारो, ते सांगत.

प्रभाकरराव गरिबीवर फार छान बोलत. खादीचा कडक सदरा घालून पंचायतीसमोर उभे राहत आणि देशाची संपत्ती मूठभरांच्या हाती कशी गोळा झाली ते अशा तऱ्हेनं सांगत, की ऐकणाऱ्याला वाटावं, ती मूठ दिल्लीकडे कुठंतरी असणार.

शहात्तर साली सीलिंगची चौकशी गावात आली. एका कुटुंबानं ठरल्यापेक्षा जास्त जमीन ठेवायची नाही, वरची सरकार घेणार आणि भूमिहीनांना वाटणार. प्रभाकररावांचं भाषण कोणीतरी पहिल्यांदाच मनावर घेतलं होतं, आणि ते त्यांना काही सोसेना.

मग त्यांना आठवलं, वहिनी म्हणजे तर वेगळं कुटुंब! भावाच्या ज्या अर्ध्या हिश्शाचं नाव बारा वर्षं त्या घरात कोणी काढलं नव्हतं, तो लगोलग तिचा म्हणून दाखवला. आता चौकशीचे साहेब बघायला येणार, कुटुंब खरंच वेगळं आहे का. वेगळं म्हणजे चूल वेगळी. सालदार तानबानं मागच्या अंगणात चूल घातली. पण ती कोरी दिसत होती, म्हणून प्रमिलाबाईंनी तिच्यात कपाशीच्या ओल्या पऱ्हाट्या पेटवून ती काळी करवली. गरिबाघरची चूल एवढं मन लावून घालताना मी दुसऱ्या कोणाला पाहिलं नाही. धुरानं माझेसुद्धा डोळे चुरचुरले.

“मोठ्या बाई, साहेब येईतोवर इथंच रांधजा,” प्रमिलाबाई म्हणाल्या. “राख दिसली पायजे.” पोचे आलेली दोन भांडी अन् पिठाचा डबा पुढ्यात सरकवला.

मनकर्णा रांधू लागली. पहिल्याच दिवशी भिंतीवरून माझ्याकडे वाटी आली. झणझणीत वांग्याची भाजी.

“मले तिखट आवडते,” ती म्हणाली, “हे इसरूनच गेलती मी.”

गरम भाकरी खाताना तिला मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

साहेब आले. चूल पाहिली, राख पाहिली. “बाई, कधीपासून वेगळ्या राहता?”

“दादा गेले तवापासून,” प्रभाकररावच घाईघाईनं बोलले. “आमी मधात पडत नाई.”

कुंपणाशी सारी गल्ली उभी होती. खरं साऱ्यांना ठाऊक होतं, पण प्रभाकररावांच्या वावरात निंदायला-खुरपायला न जाणारं त्यात कोण होतं? साहेबांनी मनकर्णाच्या हातचा चहा घेतला, काम आटोपलं आणि जीपजवळ तलाठ्याशी बोलत उभे राहिले.

प्रमिलाबाईंना तेवढाही धीर निघेना. “तानबा, सब्बल आन. फोड ते चूल. आन् मोठ्या बाई, तो डबा आत ठेवजा.”

मनकर्णानं तव्यावरची भाकरी उलटवली. “तानबा, भाकरी होऊन राह्यली. थांब.”

तानबा थांबला. त्याला बरंच वाटलं असावं.

प्रभाकरराव हसत पुढं आले. “वयनी, झालं न काम. नाटक होतं ते. चाला घरात.”

“नाटक? सायबाले तं तुमी खरं म्हनलं. नाटक असन तं सांगून येते, जीप अजून उभी हाय.”

हसू मावळलं. जीपकडे एकवार बघून ते दबल्या आवाजात म्हणाले, “बारा वर्सं मायेसारखं पोसलं तुमाले, त्याचे हे पांग फेडता?”

मनकर्णानं भाकरी निखाऱ्याशी उभी केली. ती टम्म फुगली.

“तुमी नाई पोसलं मले, भाऊजी. अर्धं वावर माह्यं हाय. हे गेले त्या दिवसापासून माह्यंच होतं. बारा वर्सं मी पोसलं तुमाले.”