थंडरमिलला कुणी टाळ्या वाजवत नसे

रॅव्हन्सक्लफ गावात मिल स्ट्रीटवर जो कामगार क्लब होता, त्याच्या स्टेजच्या डोक्यावर तीन दिवे होते. हिरवा, पिवळा आणि लाल. हॉलच्या मधोमध छताला एक मायक्रोफोन टांगलेला असे आणि तो सासूसारखा कान देऊन बसे. आवाज बेताचा असला की हिरवा. जरा चढला की पिवळा. लाल लागला की खट्! वीज गायब. नुसती स्टेजची नव्हे. तारा जोडल्या होत्या क्लबाचे अध्यक्ष होरेस आर्मिटेज यांच्या मेव्हण्याने, आणि त्या पठ्ठ्याने बिअरचा पंप, वाटाण्यांची शेगडी आणि बायकांच्या संडासातला दिवा, सगळं एकाच तारेला लटकावलं होतं.

हे झेंगट गळ्यात पडलं पलीकडच्या पाद्रीबुवांमुळे. एका शनिवारी क्लबात कुणीतरी गिटार अशी काही खेचली की बुवांच्या कोंबड्यांनी अंडी घालणंच सोडून दिलं. त्यातल्या एका तपकिरी कोंबडीला तर पुढे भिंतीवरच्या घड्याळाचीही भीती वाटायला लागली. तक्रार झाली, दिवे आले, आणि दिव्यांमागून नियम आला. लाल लावणारा बँड या क्लबात पुन्हा वाजवणार नाही, आणि खोऱ्यातल्या बाकीच्या क्लबांतही नाही. सगळे अध्यक्ष एकाच टेबलावर डॉमिनोज खेळायचे, त्यामुळे बातमी पोचायला वेळ लागत नसे.

मग एकेक बँड गळत गेला. लीड्सहून आलेल्या एकाने तर नुसती गिटारची पेटी खाली ठेवताना लाल लावला. उरला तो फक्त थंडरमिल.

चार पोरं. नाव ठेवलं तेव्हा त्यांना ढगांशी स्पर्धा करायची होती. त्या दिवसांत ते इतकं वाईट वाजवत की टाळ्यांचा प्रश्नच नव्हता. दिवे आल्यावर मात्र त्यांनी काहीतरी विलक्षण केलं. जोर तोच ठेवला आणि आवाज काढून घेतला. ढोलवाला क्लेग, हा एवढा अगडबंब गडी, क्लबातल्या एडना थ्वेटच्या विणकामाच्या सुयांनी वाजवायला लागला. गाणारा लिंडन एखादं गुपित सांगावं तसा गायचा. ऐकणाऱ्याला वाटे, एक भला मोठा बैल पाळण्यातल्या बाळाला न जागवता खोलीतून चालला आहे. अंगावर काटा यायचा तो त्या बैलाच्या वजनामुळे.

लोक पुढे झुकून ऐकायला लागले. मग खुर्च्या करकरल्या तर पिवळा चमके, म्हणून खुर्च्यांना तेल घातलं. क्लबात वेफर्स बंद झाले. खोकला आला की माणूस आपण होऊन अंगणात जाई आणि तिथे मनसोक्त खोकून परत येई. आणि टाळ्या? मायक्रोफोनला गिटार काय आणि टाळी काय, सारखंच. पहिल्याच महिन्यात कुणीतरी उत्साहाने टाळी वाजवली, पिवळा भडकला, सगळ्यांनी हात खिशात कोंबले. तेव्हापासून ठरलं की गाणं आवडलं तर टोपी काढायची. आता ही माणसं घरात, दारात, जेवताना टोपी काढत नसत. टोपी निघायची ती फक्त मयताला. तेव्हा अख्ख्या हॉलने टोप्या काढणं म्हणजे केवढी दाद, ते मिल स्ट्रीटवर कुणाला सांगावं लागत नव्हतं.

आणि इथेच एडनाची चूक झाली.

एडना ही लिंडनची मावशी. क्लबात बिंगोचे आकडे ती पुकारायची आणि गावातली कुठलीही गोष्ट तिला विचारल्याशिवाय घडू नये अशी तिची अपेक्षा असे. तिने मनात घेतलं होतं की या पोरांची रेकॉर्ड निघालीच पाहिजे. कोपऱ्यावरच्या टेलिफोनच्या खोक्यातून ती दर सोमवारी लंडनच्या एका रेकॉर्ड कंपनीला फोन करी. शेवटी, ही बाई फोन करायची थांबेल तरी, म्हणून कंपनीने मिस्टर पेलहॅम नावाच्या माणसाला धाडलं.

पेलहॅम आले. मखमली कोट, गळ्यात रेशमी रुमाल. एडनाने त्यांना आपल्या शेजारी बसवलं, पुढ्यात बिअर ठेवली, आणि सगळं सांगितलं: क्लेगच्या सुया, कोंबडी, दिवे. टोप्यांचं सांगायचं मात्र तिच्या डोक्यातच आलं नाही. आपण श्वास घेतो हे पाहुण्याला कोण सांगतं?

पहिलं गाणं झालं. हॉलभर टोप्या निघाल्या. टकलं चमकली. चेहरे गंभीर. कुणी हूं नाही की चूं नाही.

एडनाने डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहिलं. पेलहॅमच्या मानेवरचे केस उभे राहिले होते, हे तिने स्वतः बघितलं. बुटाचं टोक अजून हलत होतं. झालं, मासा गळाला लागला, असं तिला वाटलं. दुसऱ्या गाण्याला त्यांनी डोळे मिटले. तिसऱ्याला रुमाल सैल केला. आणि तिसरं संपल्यावर इकडे तिकडे पाहत कोटाची बटणं लावायला लागले.

एडनाला कळेना. माणसाला आवडतंय आणि माणूस निघालाय? असं कसं? ही गोष्ट समजल्याशिवाय तिला झोप लागणं शक्य नव्हतं.

"काय रे राजा," ती त्यांच्या कानाला लागून कुजबुजली, "चालला कुठे? मुतायला चालला असशील तर कोट लागत नाही."

"लंडनची गाडी गाठायची आहे," पेलहॅमही कुजबुजले. त्यांनाही आता जोरात बोलायची भीती वाटायला लागली होती.

"आवडलं की नाही ते सांग."

"मला? मला फार आवडलं. इतकं की मी घाबरलो."

"मग?"

"मग काय, बाई! मी एकटा रेकॉर्ड विकत घेणार आहे का? मी लोकांकडे बघतो. माझी नोकरीच ती आहे. तीन गाणी झाली, एक टाळी नाही! वर सगळे टोप्या काढून बसलेत. अहो, कुणाची तिरडी उठतीये का इथे? स्वतःच्या गावाला जो बँड नको, तो मी लंडनला काय म्हणून नेऊ?"

एडनाच्या हातातला लोकरीचा गुंडा खाली पडून टेबलाखाली गेला. तिने भराभरा सगळं समजावलं. मायक्रोफोन, पिवळा, टोप्या, मयत. पेलहॅम ऐकत होते, पण त्यांच्या भुवया वर गेल्या त्या खाली येईनात.

"मावशीबाई," ते म्हणाले, "गेल्या महिन्यात ग्रिम्स्बीला मला सांगितलं, लोक टाळ्या वाजवत नाहीत कारण सगळ्यांचे हात मासे कापून सोलवटलेत. तुमची गोष्ट त्याहून चांगली आहे. पण एकदा, फक्त एकदा, मला टाळ्या ऐकू द्या. शेवटच्या गाण्यापर्यंत थांबतो. गाडी चुकली तर चुकली."

शेवटचं गाणं सुरू झालं. एडना वाकून, मांजरीच्या पावलांनी, टेबलाटेबलावरून फिरली. "आज टाळ्या. गाणं संपलं की." लोक तिच्याकडे असे बघत जणू तिने क्लबाला आग लावायला सांगितली.

"आणि लाल लागला तर?" एक म्हातारा विणकर म्हणाला. "मग पोरं परत कधी दिसायची नाहीत. दर शनिवारी मी करू काय? बायकोशी बोलू?"

शेवटी ती होरेस आर्मिटेजच्या टेबलाशी आली. अध्यक्षांनी पाइप तोंडातून काढला.

"एडना, माझ्या पोटात एक आणि ओठावर एक नसतं. लाल लागला की बंदी. पोप वाजवत असला तरी बंदी."

"होरेस, तुला हा बँड आवडतो का नाही?"

"माझ्या आवडीचा काय संबंध? मी अध्यक्ष आहे."

एडना जागेवर परतली. लिंडनचा आवाज आता इतका खाली गेला होता की शेगडीवरच्या वाटाण्यांचं बुडबुडणं थांबून ऐकतंय असं वाटावं. क्लेगच्या सुया ढोलाला लागत होत्या की नाही, देव जाणे. पण जमीन हलत होती. मग सगळं थांबलं.

टोप्या निघाल्या. पेलहॅमनी मान हलवली आणि ते उठले.

एडनाने टाळी वाजवली. एकटीने. पिवळा लागला. सगळा हॉल तिच्याकडे डोळे फाडून बघत होता. तिने पुन्हा वाजवली, पुन्हा. आणि मग मागून, पाइपच्या धुरातून, दुसरी टाळी आली. दणदणीत, दोन फळ्या आपटाव्यात तशी. ती होरेस आर्मिटेजची होती.

मग बांध फुटला. तीन वर्षांच्या टाळ्या पोटात साठलेल्या! लाल लागला, वीज गेली, पंप बंद, शेगडी बंद, आणि मिट्ट काळोखात लोक टाळ्या पिटत होते, पाय आपटत होते, टेबलं बडवत होते. सांगणारे सांगतात, तीन दुकानं सोडून असलेल्या खाटकाकडे टांगलेले सॉसेज डुलायला लागले. पाद्रीबुवा तावातावाने तक्रार करायला आले, दारात उभे राहिले, आणि थोड्या वेळाने, काय झालंय ते न कळताच, टाळ्या वाजवू लागले. मागल्या टेबलावरचे दोघे सख्खे भाऊ, ज्यांचं वडील गेल्यापासून बोलणं नव्हतं, अंधारात एकमेकांच्याच हातावर टाळ्या देत होते.

मेणबत्ती आली तेव्हा स्टेज रिकामं होतं.

"पळाले?" पेलहॅम म्हणाले. त्यांचा आवाज बदलला होता. "एवढ्या टाळ्यांना पाठ दाखवून गेले? काय मस्ती आहे या बँडला!"

एडना त्यांना ओढत मागच्या अंगणात घेऊन गेली. तिथे बँडची जुनी व्हॅन उभी होती आणि आत चौघं एकमेकांना चिकटून बसले होते. क्लेगच्या मांडीवर ढोल, तो त्याने बाळासारखा घट्ट धरला होता.

"मावशी," लिंडन म्हणाला, "कोण कोण सापडलं?"

"कशाखाली?"

"छताखाली! छत कोसळलं ना?"

एडनाला आधी काही कळेना. मग कळलं. "अरे येड्यांनो, टाळ्या होत्या त्या."

आतून अजून धडधडाट ऐकू येत होता.

"कुणाला?" क्लेगने विचारलं.

पेलहॅमनी तिथेच, व्हॅनच्या बॉनेटला टेकून, त्यांची रेकॉर्ड काढतो म्हणून सांगितलं. होरेस आर्मिटेजनी पाच मिनिटांत येऊन बंदीही सांगितली. तळहात काखेत दाबून धरले होते, कारण त्यांची भयंकर आग होत होती.

रेकॉर्ड निघाली. लंडनच्या लोकांनी जंग जंग पछाडलं, पण चौघांना जोरात वाजवता आलं नाही ते नाहीच. आणि मग दुकानांतून ती गठ्ठ्यागठ्ठ्याने परत यायला लागली. तक्रार एकच: रेकॉर्ड रिकामी आहे, सुई फिरते, आवाज नाही. कंपनीने महिन्याभरात हात झटकले. पेलहॅमना पियानो विकण्याच्या खात्यात बसवलं.

एडना हे मानायला तयार नव्हती. एका दुपारी ती बसने लीड्सला गेली आणि बाजारातल्या सगळ्यात मोठ्या रेकॉर्डच्या दुकानात शिरली. दुकानदार परत पाठवायच्या खोक्याला दोरी बांधत होता.

"ही लाव," ती म्हणाली.

"रिकामी आहे हो, आजी. लावून पाहिली."

"पंखा चालू होता?"

"म्हणजे?"

"पंखा बंद कर. दार लाव. आणि ते तोंडातलं खाऊन टाक, चघळू नकोस."

ही म्हातारी काय करते हे बघावं, एवढ्याच उत्सुकतेने त्याने पंखा बंद केला. सुई टेकवली. दुकानात दोन-चार गिऱ्हाइकं होती, ती चाळवली. काहीच नाही. मग दुकानदाराची मान जरा तिरकी झाली. मग तो स्पीकरकडे सरकला. मग कोपरावर वाकला, आणि दोरी त्याच्या हातातून सुटून गेली.

"आहे का काही त्यात?" बाबागाडी घेऊन आलेल्या एका बाईने विचारलं.

"श्श!" दुकानदार म्हणाला.