रुमालमामांनी धरलेली जागा

या, असे जवळ या. मागे भिंतीला टेकून कशाला बसता, पुढे भरपूर जागा आहे. फक्त त्या कडेच्या खुर्चीवरचा रुमाल तेवढा उचलू नका. का, तेच सांगायला बसले आहे. गोष्ट राजाराणीची नाही, माझ्या मामांची आहे. त्यांना आयुष्यात कुणी हार घातला नाही की शाल पांघरली नाही. पण देवाच्या दारी फक्त व्यासपीठावर बसणाऱ्यांचीच दखल घेतात असं थोडंच आहे? सतरंजी घालणाऱ्यालाही तो ओळखत असणार. त्या भरवशावर सुरुवात करते.

तर बघा, तळ्याकाठचं खुलं नाट्यगृह आहे, गर्दी खच्चून भरली आहे, आणि चौथ्या रांगेत मधोमध मामा एकटे बसले आहेत. त्यांच्या डाव्या हाताच्या खुर्चीवर रुमाल, उजवीकडे छत्री, त्यापलीकडे कापडी पिशवी. एक धिप्पाड गृहस्थ घाम पुसत येतात आणि विचारतात, इथे कोणी बसलंय का.

"येतायत," मामा म्हणतात.

"कधी?"

"निघालेत."

आता खरं सांगायचं तर त्या घटकेला मामी घरी आरशासमोर उभी असायची, अंबाडा उजवीकडे कलला की डावीकडे याचा विचार करत. पण मामा खोटं बोलणारे नव्हते. पापभीरू माणूस. त्यांचं म्हणणं असं, की माणूस मनाने निघाला की निघाला. देवसुद्धा तेवढंच धरतो, पाय मागाहून येतात. ते गृहस्थ पुटपुटत मागे जायचे, आणि पहिला पडदा वर जाता जाता आम्ही सगळे धापा टाकत पोचायचो. मामांचा शब्द दरवेळी असा नाकाशी सूत धरलेल्या अवस्थेत खरा व्हायचा.

मामा बसचे कंडक्टर होते. सगळी नोकरी उभ्याने झाली. "पुढे सरका, आत जागा आहे," असं सांगत त्यांनी अख्ख्या शहराला बसवलं आणि स्वतः दांडीला लोंबकळत राहिले. निवृत्त झाले त्या दिवशी घरी येऊन त्यांनी जाहीर केलं, की आता मी बसणार, पुढे बसणार, आणि माझ्या माणसांना बसवणार. शहरात शनिवार-रविवारी काही ना काही असतंच, बघणारा हवा. बागेतला बँड झाला, तळ्यावरची नावांची शर्यत झाली, गाण्याच्या मैफली झाल्या. मामा दुपारची जेवणं उरकली की पिशवी खांद्याला लावून निघायचे. पुष्पप्रदर्शनात तर बसायची सोयच नसते, लोक फिरून फुलं बघतात. तिथे मामांनी गुलाबांसमोर आम्हा चौघांची उभं राहायची जागा धरली होती आणि माळ्याशी त्यावरून वाद घातला होता. तेव्हापासून गल्लीत त्यांचं नाव रुमालमामा पडलं ते पडलंच.

चौघे म्हणजे मामा, मामी, त्यांचा मुलगा म्हणजे आमचा दादा, आणि मी. नोकरीसाठी मी तेव्हा त्यांच्याच घरी राहत होते.

जागा धरायचं मामांचं शास्त्र होतं. रुमाल कुणीही उचलतं. छत्री लोक बाजूला ठेवतात. पिशवीला थोडी अब्रू असते. पण खुर्चीखाली बाईमाणसाची एक चप्पल दिसली, की भलाभला माणूस बिचकतो. एका चपलेने बाई लांब कशी जाईल, इथेच कुठे तरी असणार, असं त्याला वाटतं. म्हणून निघताना मामा फळीवरून मामीची एक जुनी चप्पल पिशवीत टाकायचे. एकदा घाईत त्यांनी जुनीऐवजी नवीतली एक नेली आणि मामी नावांच्या शर्यतीला एका पायात तपकिरी, दुसऱ्यात काळी अशी आली. दिवसभर ती पदराने पाय झाकत बसली होती. कोणती नाव जिंकली ते तिला आजही ठाऊक नाही.

हे सगळं मामा आमच्यासाठी सोसतात, अशी घरात समजूत होती, आणि ती समजूत पाणी घालून वाढवायचं काम मामाच करत. परत आले की पाठ धरून बसायचे. ऊन काय होतं म्हणून विचारू नका, म्हणायचे. कुणी न विचारताच. मग मामी विरघळायची. तिने सरबत आधीच करून ठेवलेलं असायचं. पंख्याखालची खुर्ची त्यांची. रविवारी रात्री पाय चेपून घ्यायचा हक्कही त्यांचाच. दादा चिडून म्हणायचा, बाबा जागा धरत नाहीत, आम्हाला धारेवर धरतात.

आणि दादानेच शेवटी तोडगा काढला. तळ्याकाठच्या नाट्यगृहात शहराच्या वर्धापनदिनाची मोठी मैफल होती. सकाळी चहाच्या वेळी त्याने फोन पुढे केला आणि सांगितलं, की यंदापासून खुर्च्यांना नंबर आहेत. चौथी रांग, अकरा ते चौदा, आपल्या नावावर. आता कुणी उन्हात बसायचं कारण नाही. मामीने देवापुढे साखर ठेवली.

मामांनी चष्मा लावून तो फोन उलटसुलट पाहिला.

"आणि आपल्या नंबरावर दुसरा येऊन बसला तर?"

"त्याला उठवतील."

"कोण?"

"तिथली माणसं असतात, बाबा."

"त्यांना आपली माणसं कशी कळणार?" मामांनी विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता फोन परत दिला.

निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, पण मामा निवृत्त दिसले ते त्या दुपारी. जेवण झालं आणि ते बाहेरच्या खोलीत येऊन नुसते बसले. पंखा होता, पण पाठ दुखत नव्हती, त्यामुळे पंख्याखाली बसायला त्यांना संकोच वाटत असावा. उठून रुमालाला इस्त्री केली. पुन्हा बसले. घड्याळाकडे बघितलं, मग घड्याळ बरोबर आहे का म्हणून दादाला विचारलं. मामी म्हणाली, अहो, जरा पडा की. मामा म्हणाले, दूध घेऊन येतो. दूध घरात भरपूर होतं. पण माणसाला बाहेर जायचंच असेल तर दुधासारखं कारण नाही. आम्ही कुणी अडवलं नाही.

बराच वेळ झाला तरी दूध आलं नाही. मामी सहज म्हणून चपलांच्या फळीशी गेली आणि तिथून तिने मला हाक मारली. फळीवर तिची जुनी चप्पल एकच होती.

मामी कंबरेवर हात ठेवून त्या चपलेकडे बघत राहिली. खुर्च्यांना नंबर आहेत, जागा ठरलेली आहे, मग चप्पल कशाला नेली? इतक्या वर्षांत तिच्या कपाळावर ती तसली आठी मी प्रथम बघितली.

"मामी," मी म्हटलं, "बायकोची चप्पल बरोबर घेऊन कुणी दुसरीला भेटायला जात नसतं."

"मी कुठे काय म्हटलं?" मामी म्हणाली. "चल तू माझ्याबरोबर."

आणि मग मी जे बघितलं ते डोळ्यांवर विश्वास बसू नये असं होतं. जिला तयार व्हायला अख्खी दुपार लागायची, ती माझी मामी चहाला उकळी फुटते तेवढ्या वेळात दारात उभी होती. अंबाडा अर्धवट, पायांत दादाच्या होडीएवढ्या चपला. फळीवरची ती एकुलती चप्पल तिने पिशवीत टाकली आणि आम्ही रिक्षा पकडली.

नाट्यगृहाचं फाटक बंद होतं. पहारेकऱ्याने मामीला वरपासून खाली, म्हणजे चपलांपर्यंत न्याहाळलं आणि सांगितलं, की कार्यक्रमाला अजून पुष्कळ अवकाश आहे.

"मी कार्यक्रमाला नाही आले," मामी म्हणाली. "माझी दुसरी चप्पल आत आहे, तिला भेटायला आलेय."

पहारेकऱ्याचा चेहरा एकदम खुलला. "म्हणजे तुम्ही कंडक्टरसाहेबांच्या मंडळी. या, या. दरवेळी म्हणतात, येतायत. आज खरंच या वेळेला आलात." आणि त्याने फाटक उघडलं.

आत सगळ्या खुर्च्या रिकाम्या. चौथ्या रांगेत तीन खुर्च्यांवर रुमाल, छत्री, पिशवी, आणि एकीखाली चप्पल. खुर्च्यांना नंबर असूनसुद्धा. पण मामा तिथे नव्हते. रंगमंचावर रात्रीची गायिका घरच्या कपड्यांत उभी होती, गळ्याला मफलर, चष्मा कपाळावर. तबलजी केळं खात होता. ध्वनियंत्रणेवाला तारांच्या गुंत्यात पालथा पडून कुणाला तरी विचारत होता, मागपर्यंत पोचतंय का.

तेवढ्यात पार शेवटच्या रांगेतून आवाज आला, कट्.

तो मामांचा तिकिटं टोचायचा जुना चिमटा होता. आम्हाला वाटत होतं, तो कधीच माळ्यावर गेला. एक कट् म्हणजे थांबा. ध्वनियंत्रणेवाल्याने एक तार काढून दुसरीकडे लावली. मामा दोन रांगा पुढे आले, मान वाकडी करून ऐकलं, आणि मग दोनदा, कट् कट्. म्हणजे जाऊ द्या. "डबल मिळाली," तबलजी म्हणाला, केळ्याचं साल खाली ठेवलं आणि तबला जवळ ओढला. गायिका हसली आणि गायला लागली.

तपासण्यापुरत्या दोन ओळी गाऊन ती थांबेल असं मला वाटलं होतं. पण तिचा सूर लागला असावा. ऊन खुर्च्यांच्या पाठींवरून उतरत होतं, पुढच्या रांगेत दोन चिमण्या हक्काने बसल्या होत्या, आणि ती बाई डोळे मिटून अख्खं गाणं गायली. टाळीसाठी नाही, कुणाला दाखवायला नाही. सकाळी देवापुढे एकट्याने बसल्यावर मन जसं आपसूक खाली बसतं, तसं माझं झालं. मामा मधल्या वाटेत उभे होते, एक हात वर, जणू बसची दांडी धरली आहे, आणि डोलत होते.

गाणं संपलं. मामा वळले आणि त्यांनी मामीला पाहिलं. दुधाचं पातेलं हातातून निसटावं तसा चेहरा झाला त्यांचा.

मामी सावकाश चालत चौथ्या रांगेत गेली. दादाच्या चपला काढल्या, खुर्चीखालची आपली चप्पल पायात घातली, हातातल्या पिशवीतून तिची जोडीदारीण काढून दुसऱ्या पायात घातली, आणि मगच बोलली.

"म्हणजे इतकी वर्षं तुमची इथे चैन चालली होती. आणि मी मेली घरी सरबतं घोटतेय, यांचे उन्हात हाल होतात म्हणून."

"ऊन असतं की," मामा म्हणाले.

"हे दरवेळी असतं?"

"दरवेळी."

"मग मला का नाही सांगितलंत?"

मामांनी चिमटा खिशात टाकला. खुर्चीवरचा रुमाल उचलला, झटकला, आणि तिच्यासाठी जागा मोकळी करून दिली.

"सांगितलं असतं तर तू आली असतीस," ते म्हणाले. "मग मी जागा कुणासाठी धरायची?"

मामी बसली. संध्याकाळी दादा आला, माणसं आली, दिवे लागले, गायिका भरजरी कपड्यांत आली आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. मामी शेजारच्या अनोळखी बाईंना पुन्हा पुन्हा सांगत होती, हे काहीच नाही हो, दुपारी ऐकायला हवं होतंत.

घरी आल्यावर सरबत बंद होणार असं आम्हाला वाटलं. झालं नाही. आणि पुढच्या रविवारी मामा पिशवी घेऊन दबकत दाराशी आले, मामीकडे बघत उभे राहिले, तेव्हा ती आरशातूनच म्हणाली, की तुम्ही व्हा पुढे, माझं अजून आवरायचंय.

मामा गेले. मी तिथेच होते. मामीने अंबाडा घातला, सुरेख घातला, आरशात निरखला, आणि पुन्हा सोडला.

"मामी, छान तर झाला होता."

"असू दे गं," ती म्हणाली. "अजून त्यांचं ऐकून व्हायचं असेल."

मामा गेले तेही असेच, सगळ्यांच्या आधी. एका रविवारी जेवले, पिशवी भरली, जरा टेकतो म्हणाले, आणि टेकलेलेच राहिले. पाठ दुखते अशी तक्रारही त्या दिवशी केली नाही. माणसं जमली, सगळं यथासांग झालं. मग घर रिकामं झाल्यावर दादा ती पिशवी आवरायला बसला. रुमाल, छत्री, चिमटा एकेक काढून ठेवलं आणि मामीची चप्पल बाहेर काढणार तेवढ्यात तिने त्याचा हात धरला.

"ती राहू दे आत," ती म्हणाली. "त्यांना लागेल."

पिशवी अजून खुंटीला आहे. मामी आमच्याबरोबर मैफलींना येते, बँडला येते. तयार व्हायला पूर्वीइतकाच वेळ घेते, हल्ली थोडा जास्तच. पूर्वी दादा खालून हॉर्न वाजवायचा. आता गाडी बंद करून, हाताची घडी घालून बसून राहतो. आमच्यापैकी कुणीच तिला घाई करत नाही. करू तरी कशी? तिकडे कुणी तरी पुढे जाऊन चांगल्या रांगेत जागा धरून बसलंय, इकडे तिचं अजून आवरायचंय, आणि आवरता आवरेना इतकं ते लांबावं म्हणून मी रोज देवाला हात जोडते.

म्हणून तुम्हाला एक मागणं. कुठे गाण्याला गेलात, बागेत गेलात, आणि रिकाम्या खुर्चीवर इस्त्री केलेला रुमाल दिसला, तर तो बाजूला सारायच्या आधी घटकाभर माझ्या मामांची आठवण काढा. आणि कुणी घाम पुसत येऊन विचारलंच, इथे कोणी बसलंय का, तर त्यांच्या वतीने एवढंच सांगा.

येतायत म्हणावं. निघालेत.